पेन्सिलीचा ठराव

कोडेवही सांगलीहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती उंब्रजला आली आणि सुभेदार लालासाहेबांची झोप उडाली. कोडी सोडवणाऱ्या मंडळाच्या बारा सभासदांपैकी एकाने वहीत कोडं घालायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीने सोडवून कच्च्या कामासकट वही पुढच्या गाडीने धाडायची, हा अठरा वर्षांचा शिरस्ता. सोडवायचा पहिला मान सुभेदारांचा. पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलं होतं : कागद, पेन्सिल आणि स्वतःचं डोकं. अठरा वर्षांत त्यांचं एकही कोडं अडलं नव्हतं. पलटण सुटल्यावर त्यांच्याकडे मिरवायला एवढंच उरलं होतं.

या वेळी कोडं सांगलीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या अनीशचं होतं. सोळा घरांत एक ते सोळा आकडे असे भरा, की उभी, आडवी, तिरकी बेरीज चौतीसच यावी. असे चौरस एकूण किती? फिरवून-उलटवून येणारे एकच धरावेत. खाली टीप : कॉम्प्युटर वापरण्यास हरकत नसावी.

"हरकत नसावी म्हनं!" सुभेदार कडाडले. "उद्या जेवायला बी मशीन लावंल. असली कोडी बंद! म्हैन्यानं सांगलीत बैठक हाय, ठरावच मांडतो."

"मांडा की," राहीबाई शेंगा फोडता फोडता नवऱ्याला म्हणाल्या. "पन आदी सोडवा. न्हाईतर लोक म्हनतील, सुटंना म्हनून बंद केलं."

बायको खरं बोलते तेव्हाच जास्त लागतं. सुभेदार चौकटी आखत बसले. आठ दिवसांत एकतीस चौरस निघाले, त्यातले चार तेच उलटे. नवव्या दिवशी त्यांना रडू यायचं बाकी होतं. अखेर टोपी कपाळावर ओढून ते साताऱ्याला गेले आणि कुणी ओळखत नाही अशा एका कॉम्प्युटर क्लासात शिरले.

तिथल्या अबोली मॅडमनी दुपारभर खटपट केली. मग प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. "आठशे ऐंशी, आजोबा!"

"आन् पंचवीस घरांचं आसतं तर?"

"बाप रे! कोटींत जाईल आकडा. हे मशीनसुद्धा हात टेकेल."

पुढचे सतरा दिवस सुभेदारांनी आठशे ऐंशी चौरस पेन्सिलीने उतरवून काढले. मधूनच चुकीचा आकडा लिहून खोडत होते, कच्चं काम कच्चं दिसावं म्हणून. बोटाला घट्टा पडला.

"ह्ये खोटं हाय न्हवं?" राहीबाईंनी विचारलं.

"हात तर माजाच हाय," सुभेदार पुटपुटले, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

सांगलीला मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह यांच्या घरी बैठक भरली. सुभेदारांनी कागदांचा गठ्ठा ठेवला. अनीशने पानं चाळली आणि वाकून नमस्कार केला. "काका, हे सगळं हातानं?"

"हातानं," सुभेदार म्हणाले, आणि घाईघाईने पुढे, "आता ठराव. असली कोडी बंद."

"बंद कशाला, काका? तुम्ही तर हातानं सोडवून दाखवलंत! बंदी घालायची तर कॉम्प्युटरवर घालू. कोडी राहू देत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. उदयसिंह उठले. "मंजूर! कॉम्प्युटर वापरंल त्याचं नाव वहीतनं कायमचं खोडायचं. पुढचं कोडं बी अनीशचंच. पैली सही सुभेदारांची!"

सुभेदारांनी सही केली. घट्टा पडलेलं बोट नेमकं तेव्हाच दुखलं.

पंधरा दिवसांनी वही आली. 'लालासाहेब काकांच्या सन्मानार्थ : पंचवीस घरं, एक ते पंचवीस, बेरीज पासष्ट. असे चौरस एकूण किती? फक्त पेन्सिल.'

सुभेदार पाणी मागून प्यायले.

"खरं सांगून टाका की आवं," राहीबाई म्हणाल्या.

"नाव खोडतील गं. अठरा वर्सं झाली."

राहीबाई उठल्या. दुकानातून पेन्सिलींचा अख्खा डबा आणून त्यांनी पुढ्यात ठेवला. सुभेदारांनी पहिली चौकट आखली.

त्यांचं घर थांब्याला लागूनच. आठवड्याने सांगलीची गाडी थांबली आणि कंडक्टरने खिडकीतून हाळी दिली, "आवं सुभेदार, वही द्या की!"

सुभेदारांनी पानाकडे पाहिलं. सहा चौरस झाले होते.

"ही गाडी जाऊ दे रं गड्या," ते क्षीण आवाजात म्हणाले. "म्होरली बी जाऊ दे."