हणमंतरावांनी जागा केली

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? म्हणते मी, कुणी सांगितलं होतं?"

इंदूबाईंचा आवाज नांदेडच्या त्या गल्लीत चार घरं पलीकडे गेला. हणमंतराव खुर्चीत अंग चोरून बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक माणूस. जन्मभर शाळेत दुसऱ्यांवर ओरडले, ओरडून घ्यायची सवय मात्र घरातच लागली.

"तूच म्हणलीस ना, फोन भरलाय, जागा करा म्हणून?"

"जागा करा म्हणलं होतं! माझ्या साड्या उडवा म्हणलं होतं का?"

आता ह्या साड्यांचं सांगायलाच हवं. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत आहेरात आलेली साडी कुणी नेसत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला तरी जाते. ह्यात लाजायचं काही नाही, सगळ्याच करतात आणि सगळ्याच नाही म्हणतात. नियम एकच, जिने दिली तिलाच ती परत जाता कामा नये. इंदूबाईंच्या हातून हा नियम एकदा मोडला होता. उदगीरला एका बारशात त्यांनी चुलत जाऊ उमादेवीला साडी दिली आणि त्या बयेने ती सगळ्यांदेखत उलगडली. "हा हळदीचा डाग तर मीच पाडलेला हाय की गं, इंदू!" बायका पोट धरून हसल्या. तेव्हापासून इंदूबाई आलेल्या प्रत्येक साडीचा फोटो काढून घेत, साडी उलगडलेली आणि देणारी बाई शेजारी उभी.

ते सगळे फोटो गेले होते, आणि उद्या लातूरला त्याच उमादेवीच्या देविकाचं लग्न होतं.

"अगं, वर ऱ्हातंय ते," हणमंतराव म्हणाले, "क्लाउडवर. इथलं पुसलं म्हणून काय झालं?"

पुण्याला मिहिरला फोन लावला. पोरगा म्हणाला, "बाबा, इथनं डिलीट केलं की वरनंबी जातंय. पण घाबरू नका, बिनमध्ये, म्हंजे फोनच्या कचरापेटीत, महिना-दोन महिने ऱ्हातंय."

इंदूबाईंच्या जिवात जीव आला. हणमंतराव मात्र खुर्चीत आणखीच आकसले.

"तेबी साफ केलं मी."

"काय?"

"फोननं विचारलं, कायमचं काढू का? म्हणलं काढ. अर्धवट काम मला आवडत न्हाई."

इंदूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं, कारण ते हातात राहिलं असतं तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. मग त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकवल्यावर एक मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "कायमचे डिलीट झालेले फोटो परत आणता येत नाहीत, मॅडम. आणखी काही मदत करू शकते?"

"आणखी? आधी एक तरी केलीस का गं, बाई?"

शेवटी बाजारात मोबाइल दुरुस्तीवाल्या प्रीतमचं दुकान गाठलं. "आणून देतो की, मावशी," म्हणून त्याने फोन कॉम्प्युटरला जोडला आणि संध्याकाळ घालवली. फोटो आलेही. गुलाब आले, उगवता सूर्य आला, चहाच्या कपातून वाफ आली. हणमंतराव रोज पहाटे सगळ्या नातेवाइकांना पाठवत ती शुभ सकाळ, एकूण एक परत आली.

"साडी एकबी न्हाई का रे?"

"एक हाय, मावशी."

फोटोत साडी स्पष्ट होती. देणारीच्या तोंडापुढे मात्र हणमंतरावांचं बोट आलं होतं.

"फोटोबी धड काढता येईना तुम्हाला!" इंदूबाई रस्त्यातच कडाडल्या. "नवी घेऊ," असं हणमंतराव पुटपुटले, पण तोवर साड्यांच्या दुकानांची शटरं खाली आली होती आणि सकाळी पहिल्याच बसने निघायचं होतं.

घरी येऊन कपाट उघडलं तर प्रत्येक साडी उमादेवीचीच वाटायला लागली. "ही तिची. न्हाई, ही शरणम्मानं दिली. का तिनंच?" डाग शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली. अखेर देवाचं नाव घेऊन एक जांभळी साडी उचलली.

"उद्या माझी बेइज्जती झाली ना," इंदूबाईंनी बजावलं, "तर तुम्ही तिथंच ऱ्हावा, लातूरला. मी एकटी येईन."

मंगल कार्यालयात कुंकू लावून इंदूबाईंनी साडी उमादेवीच्या हातात दिली. उमादेवीने पदर बोटांत चोळून बघितला. भोवतीच्या बायका जेवायला जायचं सोडून थांबल्या.

"झाक हाय गं. पण कुठं तरी बघितल्यासारखी वाटून राहिली." तिने कनवटीचा मोबाइल काढला. "थांब जरा. त्या बारशापासनं मीबी फोटो काढून ठिवते. कुणाला काय दिलं, सगळं हाय ह्याच्यात."

इंदूबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की हणमंतराव जिलबी चावायचे थांबले. उमादेवी स्क्रीनवर बोट मारत होती, पुन्हा मारत होती.

"उघडंना की मेलं! जागाच न्हाई म्हणतंय. सकाळपासनं लग्नाचे फोटो येऊन राहिले, गच्च भरलाय फोन."

कालपासून पहिल्यांदाच इंदूबाईंनी नवऱ्याकडे मायेने पाहिलं.

"आणा इकडं, अक्का. तुम्ही कशाला तरास घेता? आमच्या ह्यांना जागा करायला लई चांगलं जमतंय."

"खरंच का, भावजी? बघा बरं जरा."

हणमंतरावांनी जिलबी खाली ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि चष्मा चढवला.

"अन् अहो," इंदूबाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "अर्धवट सोडू नका बरं का."