नॉर्वेशी सोयरीक

नॉर्वेतल्या एका गावाशी सावळखेड्याचं ‘भगिनी-गाव’ म्हणून नातं जुळणार हे नक्की झालं. करारावर सह्या करायला तिकडच्या एक बाई येणार होत्या आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो त्यांच्या स्वागताच्या फ्लेक्सचा. करारानुसार दरवर्षी इकडचे पाच गावकरी तिकडे पाहुणचाराला जाणार होते. सरपंच आवडाबाईंना त्या पाचांत जायचंच होतं. पिशोरच्या बाजारापलीकडे त्यांना आजवर कुणी नेलं नव्हतं.

फ्लेक्सवर त्यांचा फोटो आला, तसा उपसरपंच कृष्णा रुसला. त्याचा घातला, तर सोसायटीचे चेअरमन सखाराम म्हणाले, "आमी काय मेलो व्हय?" असं करता करता सव्वीस फोटो झाले.

"ताई, नॉर्वेच्या बाईंचा फोटो कुठं बसवू?" फ्लेक्सवाल्यानं शहरातून फोन केला. "गावाचं नाव काढलं तरच जागा व्हईल."

"मग काढ की! आपलं गाव कुणाला ठावं नाय?"

बाई बसल्या, पासपोर्टच्या फोटोएवढ्या. फ्लेक्स इतका मोठा झाला की तो गावच्या कमानीवरच बांधावा लागला आणि कमानीवरचं नावही झाकलं गेलं.

ठरल्या दिवशी सगळं गाव शाळेच्या मैदानात होतं. पहिला हार कुणी घालायचा यावरून तिथे जुंपली होती. दोन तास झाले तरी पाहुण्यांचा पत्ता नाही, तेव्हा आवडाबाईंनी बाईंसोबत येणाऱ्या दुभाषी विशाखाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, तुमचं गाव सापडलंच नाही! एका कमानीपाशी खूप हॉर्न वाजवला, कुणी आलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, इथं कुणाचा तरी वाढदिवस दिसतो. म्हणून पुढच्या वस्तीवर विचारायला गेलो. तिथं कडुबाकाकांनी जेवल्याबिगर सोडलंच नाही. बाई पिठल्यावर इतक्या खूश झाल्या की करारात वस्तीचंच नाव घातलं. सह्याही झाल्या!"

कडुबाची वस्ती म्हणजे दोन घरं. आवडाबाई तरातरा चालत तिथे पोहोचल्या. कडुबा ओट्यावर मक्याची कणसं सोलत होता.

"कडुबादादा, फाडा तो कागद! नातं आमच्या गावाचं हाय!"

"फाडतो की. तसंही आमच्या कामाचं नाय ते. पाच माणसं धाडा म्हनत्यात अन् वस्तीवर आमी चारच."

आवडाबाईंचा राग जागच्या जागी विरघळला. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, ओट्यावर टेकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "नका फाडू. एखादी खोली भाड्यानं मिळंल का हितं?"

कडुबाची बायको लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिला खरोखरच वाईट वाटलं.

"जराशानं हुकलं बघा, ताई. आत्ताच कृष्णाभाऊ खाट टाकून गेले."