मेजाची मोहीम, मुक्काम वारजे

सोसायटीचे तमाम सभासदांनी पृच्छा केली जे, तिसरे मजल्यावरील अभयराव यांचे बाल्कनीत पूर्वी कपडे वाळत असत, तेथे हल्ली जेवणाचे भले थोरले मेज उभे आहे आणि त्याभोवती माणसे भरदुपारी रस्सा-भाकरी खाताना रस्त्यावरून दिसतात, तरी हा प्रकार कैसा जाहला आणि कोणाचे अकलेने जाहला, हे साद्यंत लिहावे. त्यास, अकलेचा मुद्दा शेवटी घेऊ. आधी मोहीम कैसी उद्भवली ते लिहितो आणि पदरचे अक्षर घालीत नाही. घालण्याची गरजच नाही, इतके अभयरावांनी स्वतः करोन ठेविले आहे.

अभयराव मूळचे अकोल्याकडील, हल्ली आयटी कंपनीचे चाकरीत, हुद्दा टेस्टिंगचा, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधणे. या कामी त्यांचा लौकिक थोर. त्यांच्या मातोश्री चंपाबाईसाहेब गावाहून लेकाकडे राहण्यास आल्या, त्यांचे गुडघ्यांचे ऑपरेशन जाहले आणि डॉक्टरांचे फर्मान सुटले की, यापुढे भुईवर मांडी घालणे कायमचे बंद. या घराची रीत अशी की मधोमध पातेले ठेवावे आणि सर्वांनी भोवती भुईवर बसोन जेवावे. मेज म्हणोन घरात नव्हतेच. मग बाईसाहेब आतले खोलीत पलंगाचे कडेवर, मांडीवर ताट घेवोन एकट्या जेवू लागल्या, आणि एक भाकरी कशीबशी संपवोन पोट भरल्याचे जाहीर करू लागल्या. सुनेने कारण पुसले तेव्हा वदल्या, “एकटीनं जेवाचं म्हणजे गोळी घेतल्यासारखं वाटते, बाप्पा.” हा शब्द अभयरावांचे काळजास लागला. येथवर सर्व ठीक होते.

त्यांचे कुटुंब दीपालीबाई यांणी दुकानात एक मेज पाहोन ठेविले होते आणि ते घरी पोचते जाहले असते तर ही बखर लिहिणेचा त्रास वाचता. परंतु अभयराव कित्येक महिने फोनवर सुतारकामाचे व्हिडिओ पाहात होते, त्यात कोणी एक दाढीवाला परदेशी इसम हसत हसत लाकूड कापतो आणि पाहता पाहता त्याचे कपाट होते. तेव्हा अभयरावांनी भर दिवाणखान्यात प्रतिज्ञा केली की, आई जेवेल ती माझ्या हातच्या मेजावर जेवेल. दीपालीबाईंनी कोपऱ्याकडे पाहिले. तेथे अभयरावांनी पूर्वी केलेले स्टूल होते, त्यावर आजतागायत कुंडी बसते, माणूस बसत नाही. मग त्यांणी हुकूम फर्माविला की, येते रविवारी दुपारचे जेवण आईंसह सर्वांचे एकत्र मेजावर व्हावे. न जाहल्यास संध्याकाळी दुकानाचा टेंपो येईल आणि परत जाताना तुझ्या हत्यारांचा खोका भंगारवाल्याकडे पोचवील. अभयरावांनी शर्त कबूल केली.

मग टिंबर मार्केटावर स्वारी जाहली, सागाच्या फळ्या आणल्या, रंधा, करवत, पटाशी, ड्रिल, फेविकोलचा डबा ऐसा सरंजाम बाल्कनीत दाखल जाहला, आणि कपड्यांचा स्टँड पराभूत होवोन बेडरूमचे आश्रयास गेला. पहिलेच दिवशी रंध्याचा भुसा वाऱ्यावर स्वार होवोन खालचे मजल्यावर उतरला आणि सेक्रेटरी रंगनाथराव यांचे चहात पडला. रंगनाथराव मोठे करारी पुरुष, भांडत नाहीत, पाटी लावतात. दुसरे दिवशी लिफ्टमध्ये पाटी झळकली: ‘दुपारी १ ते ४ ठोकाठोक करू नये. घर आपले असले तरी कान इतरांचे आहेत. भुशाबद्दल वेगळी पाटी लावायला लावू नये.’ अभयरावांनी हा तह निमूट पाळला.

शनिवारी मेज उभे राहिले. येथे लेखणी क्षणभर थांबते, कारण सत्य लिहिणे प्राप्त आहे: मेज उत्तम जाहले होते. चारही पाय बरोबर, सांधे घट्ट, फळी गुळगुळीत. येथेच थांबते तर फत्ते होती. परंतु टेस्टिंगचे माणसास चूक न सापडणे म्हणजे उपाशी झोपणे. अभयरावांनी पाणसळ, म्हणजे पाण्याचा बुडबुडा असलेली सपाटी मोजावयाची पट्टी, मेजावर ठेविली, तो बुडबुडा एके बाजूस पळाला. “तरीच!” म्हणोन अभयराव मोठ्या समाधानाने उठले, करवत घेतली आणि भिंतीकडील दोन्ही पाय थोडे थोडे कापिले. मग बुडबुडा मधोमध येवोन बसला आणि अभयरावांनी त्याचा फोटो काढोन नातलगांचे ग्रुपवर विजयवार्ता पाठविली. अकोल्याहून अंगठे आले.

रविवारी मेज दिवाणखान्यात आणले, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडिल्या, चंपाबाईसाहेबांस हात धरोन मानाचे जागी बसविले. त्यांणी नवे लुगडे नेसले होते. भाकरी आली, रस्सा आला, कांदा-लिंबू आले. आणि लिंबू चालू लागले. कोणी ढकलले नसता ते मेजावरून दौडत गेले आणि बाईसाहेबांचे मांडीवर पडले. पाठोपाठ ताटातला रस्साही भाकरीस सोडोन त्याच दिशेस कूच करता जाहला.

“छान,” दीपालीबाई वदल्या. “म्हणजे लिंबू वाढायला माणूस नको.”

अभयरावांनी धावत जावोन पाणसळ आणिली. काल मधोमध बसलेला बुडबुडा आज फितूर होवोन कडेस जावोन बसला होता. अभयरावांचे तोंड उतरले. करवत उचलावी तो घड्याळात एक वाजोन गेला होता आणि करवतीस चार वाजेपर्यंत बंदी. मग वर्तमानपत्राच्या घड्या पायांखाली सरकविल्या, तो मेज डुगडुगू लागले. घड्या काढिल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढिल्या. रस्सा निवत चालला. चंपाबाईसाहेबांनी हे सर्व पाहिले आणि आपले ताट उचलिले.

“राहू दे रे अभय. चांगलं झालं हाय. मी आपली आत पलंगावर बसते.”

हे ऐकोन अभयरावांस जे वाटले ते लिहवत नाही. टेंपो आला असता, हत्यारे गेली असती, त्याचे दुःख नव्हते. आई पुन्हा आत एकटी चालली, आणि तीही आपणच केलेल्या मेजावरून उठोन, याचे होते. ते पाणसळ हाती घेवोन भिंतीशी नुसते उभे राहिले.

त्या समयी दीपालीबाईंचे लक्ष पाणसळीकडे गेले आणि तेथोन उघड्या दारातून बाल्कनीकडे गेले.

“अभय, तू हे मोजलंस कुठे?”

“बाल्कनीत.”

“आणि मी बाल्कनी धुते तेव्हा पाणी कुठे जातं?”

अभयरावांनी बाल्कनीचे कोपऱ्याकडे पाहिले. पाणी कोपऱ्यातले भोकाकडे जाते, कारण बाल्कनीस उतार असतो. वाकडी होती ती भुई, आणि पाय कापिले मेजाचे! दुसऱ्यांच्या चुका काढोन बढती घेतलेला हा पुरुष, त्याने आयुष्यात एकदाच बिनचूक काम केले आणि त्यातही चूक काढोन दाखविली. दीपालीबाई मटकन खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

चंपाबाईसाहेब दाराशी थबकल्या होत्या. त्यांणी काय प्रकार ते समजोन घेतले आणि हुकूम केला, “मंग जिथं सरळ व्हतं, तिथंच न्या ना त्याले. मी पन तिथंच येते.”

मग नवरा-बायकोने मेज फरफटत बाल्कनीत नेले. त्या आवाजासरशी जिना वाजला आणि रंगनाथराव दारात प्रकट जाहले, मनात नवी पाटी तयार असावी. परंतु पाहतात तो बाल्कनीत ताटे मांडली आहेत, लिंबू जागचे जागी स्थिर आहे, आणि बाईसाहेब पलीकडची खुर्ची दाखवोन म्हणतात, “या भाऊ, बसा जेवाले.” रंगनाथरावांनी घड्याळाकडे पाहिले, रश्शाकडे पाहिले, आणि बसले. खुर्च्या तेवढ्या उतारामुळे भोकाकडे कलल्या होत्या, सबब सर्व मंडळी किंचित एका अंगास झुकोन जेवीत होती. रंगनाथरावांनी मेज दोन्ही हातांनी हलवोन पाहिले.

“हलत नाही,” ते म्हणाले.

पुण्यात याहून मोठा शिरपाव कोणास मिळाल्याचे ऐकिवात नाही. अभयरावांचे कान लाल जाहले.

दीपालीबाईंनी जेवता जेवताच दुकानात फोन करोन टेंपो रद्द केला. चार वाजता उरलेले दोन पाय कापोन मेज आत नेतो, असा अर्ज अभयरावांनी केला, तो मातोश्रींनी नामंजूर केला: आत काय, भिंतच पाहाची, येथे रस्ता दिसतो, माणसे दिसतात, आणि तुझ्या हाती करवत नसते. पावसाळ्यात काय करावे, याची मसलत अद्याप चालू आहे.

राहिला अकलेचा मुद्दा. मेज अभयरावांचे हाताने जाहले, जागा दीपालीबाईंचे डोळ्यांनी सापडली, आणि अक्कल बाल्कनी धुण्याचे पाण्यास होती, ती त्याने पहिल्यापासोन वापरली. सभासदांनी यापुढे पुसू नये.

बाकी विजयाची नोंद करणे ती येणेप्रमाणे. रविवारी दोन प्रहरी, मुक्काम वारजे, तिसरे मजल्याचे बाल्कनीत, सर्वांसमक्ष, ऑपरेशन जाहल्यापासोन प्रथमच, चंपाबाईसाहेबांनी ताट पुढे केले आणि दुसरी भाकरी मागितली.