टिकटिकनं कॉम्प्युटर पुढे काढला

"माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ आयुष्यात कधी मागे पडलं नाही," असं टिकटिक छातीठोकपणे सांगायचा. मग ऐकणाऱ्याचा चेहरा बघून हळूच पुस्ती जोडायचा, "पुढे पळतं थोडं, ती गोष्ट वेगळी." त्यानं दुरुस्त केलेली घड्याळं बांधणारी माणसं कामावर सगळ्यांच्या आधी पोचायची आणि बंद दाराशी उभी राहून त्याच्या नावानं बोटं मोडायची.

अशा माणसाच्या कानावर 'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द पडायला नको होता. पण पडला. मोबाइलवर कोणी दाढीवाला सांगत होता की प्रोसेसरच्या आत एक क्लॉक असतं, ते वाढवलं की कॉम्प्युटर सुसाट सुटतो. टिकटिकचं इंग्रजी बेताचंच. (माझंही बेताचंच आहे, पण मी कॉम्प्युटरला हात लावत नाही.) तरी 'क्लॉक' म्हणजे घरचंच माणूस.

आणि घरात निकड होतीच. त्याची बायको लोकांना त्यांची न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर दाखवायची. संध्याकाळी एक बिल्डर तिनं केलेली स्वयंपाकघराची फिल्म बघायला येणार होता. आवडली तर अख्ख्या इमारतीचं काम तिचं. तिनं कॉम्प्युटरला त्या फिल्मची एकेक करून चित्रं तयार करायला लावलं, "याला हात लावायचा नाही" असं बजावलं आणि फरशीचे नमुने आणायला गेली. इकडे कॉम्प्युटर एकेक चित्र असं काढत होता, जणू त्याला तासावर पगार होता.

"आई, हा मागे पडतोय," टिकटिक म्हणाला.

"पडू दे की," मटार सोलता सोलता आई म्हणाली. "लहानपणी तू गजराचं घड्याळ दुरुस्त केलंस, ते अजून जेवायच्या वेळी बोंबलतं."

टिकटिकनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, सेटिंगचं पान उघडलं आणि प्रोसेसरचा आकडा जरासा वाढवला. चालला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिथं थांबला असता तर ही गोष्ट मला सांगताच आली नसती. पण शेजारीच मेमरीचा आकडा होता. त्यानं सगळ्यात वरचा निवडला.

पडदा काळाठिक्कर. पंखा फिरला, थांबला. फिरला, थांबला.

"दम लागलाय त्याला," आई म्हणाली.

टिकटिकनं बाह्या सरसावल्या. वायर काढून लावली. मेमरीच्या पट्ट्या उपसून खोडरबरानं घासल्या. आधी एकच बसवून पाहिली, मग दुसरी. पंख्याचं तेच रडगाणं. शेवटी मान खाली घालून त्यानं कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"काय केलंत?"

"क्लॉक जरा पुढे काढलं."

"मेमरी किती आहे?"

"बरी आहे. नावं तेवढी विसरतो."

"तुमची नाही हो, कॉम्प्युटरची."

"त्याची गेली. म्हणून तर फोन केला."

"गेली नाही. तुम्ही सांगितलेलं त्याच्या अजून पक्कं लक्षात आहे, तोच घोटाळा आहे. वीज काढा. आत बोर्डावर नाण्याएवढा सेल दिसेल. तो काढा, जरा दम धरा, परत बसवा. सगळं विसरेल."

सेल. टिकटिकचं तोंड बघण्यासारखं झालं. दिवसभर गिऱ्हाइकांचे सेल बदलणारा माणूस इथं खोडरबर घासत बसला होता.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला, आणि दारात बायको.

तिनं टेबलावर पसरलेला कॉम्प्युटर पाहिला. पिशवी खाली ठेवली.

"अहो, बिल्डर निघालाय."

"हा पण निघाला," टिकटिक म्हणाला, आणि सेल त्याच्या तळहातावर पडला.

"माझं स्वयंपाकघर आहे का गेलं?"

"आहे. डिस्कला मी हात लावलेला नाही."

"का? राहून गेलं?"

"हा चालू झाल्याशिवाय मी इथून उठणार नाही," दात आवळून टिकटिक म्हणाला. "वेळ आहे अजून."

"कुठला वेळ? त्याचं घड्याळ तुम्हीच दुरुस्त केलंय. लवकरच येणार तो."

सेल परत बसला. बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा उजळला. झालेली चित्रं जागच्या जागी होती; तिनं पुढची लावली. कॉम्प्युटर पुन्हा आपल्या जुन्या चालीनं निघाला, आणि या वेळी त्याला कोणी नावं ठेवली नाहीत.

बिल्डर अर्थातच लवकर आला. आईनं त्याच्यापुढे मटार सरकवले. (मोठा माणूस, पण सोलले त्यानं निमूट.) शेवटची शेंग आणि शेवटचं चित्र बरोबरच संपलं. फिल्म त्याला आवडली, इमारत बायकोला मिळाली.

तो गेल्यावर टिकटिकनं कॉलर ताठ केली.

"बघ, केला की नाही चालू? कोपऱ्यातली तारीख तेवढी चुकलीय. सेल काढला की होतं तसं. आत्ता पुढे आणतो."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हाताखालून गेलेलं घड्याळ मागे पडलं होतं, तेही चांगलं दहा-बारा वर्षं. बायकोनं वाकून तारीख वाचली आणि त्याचा हात बाजूला केला.

"असू दे तशीच," ती म्हणाली. "या तारखेला आपलं लग्न अजून व्हायचंय. मला जरा विचार करू दे."