परसातलं तळं

एका रविवारी कुंडलिकने ठरवलं, शेजाऱ्याशी भांडायचं नाही. भिंत घालायची.

अवसरी बुद्रुकला त्याच्या घरामागचं परस सखल आणि गेणभाऊंचा ऊस वरच्या अंगाला. लोडशेडिंगचे दिवस. गेणभाऊंनी मोटारीला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हायची. गेणभाऊ मात्र आपोआप जागे व्हायचे नाहीत. ऊस पोटभर प्यायचा आणि उरलेलं सगळं कुंडलिकच्या परसात यायचं. घराला ओल चढली, ज्वारीची पोती खालून बुरसली.

"एकदा बोला की त्यांच्याशी," बायको, शीला, म्हणायची.

पण गेणभाऊ वडिलांच्या वयाचे आणि आवाज लाऊडस्पीकरचा. (कुंडलिक मंचरला क्लार्क होता. कोणी मोठ्यांदा बोललं की तो सवयीने उठून उभा राही.)

त्याने स्वतःच्या हातांनी परसाच्या तिन्ही बाजूंना गुडघाभर भिंत घातली.

"अहो, पाणी आत आलं तर बाहेर कुठून जाणार?"

"येणारच नाही, तर जाईल कशाला?"

रात्री लाईट आली. भिंतीला पाया नव्हता (कुंडलिकच्या मते तो फक्त बंगल्यांना लागतो), त्यामुळे पाणी वरच्या अंगाने भिंतीखालून शिरलं आणि आतच कोंडलं. सकाळी परसात तळं, आणि तळ्यात गेणभाऊंची म्हैस. भिंत ओलांडून येऊन ती डोळे मिटून डुंबत होती.

ऑफिसचा शर्ट घालूनच कुंडलिक पाण्यात उतरला. "हैक! हैक!" म्हशीने शेपटी फिरवली. शर्टावर नक्षी उमटली.

तेवढ्यात गेणभाऊ म्हैस शोधत आले. "आरं, हितं हाय व्हय ही!" कुंडलिक पाण्यात सवयीने ताठ उभा राहिला.

शीला मात्र पदर खोचून चहा घेऊन आली. पाण्यातच तिने गेणभाऊंच्या हातात कप दिला.

"मामा, म्हैस राहू द्या. लई करमतंय तिला. पाणी तुमचंच हाय, दूध मी काढत जाईन."

गेणभाऊंनी पाणी पाहिलं, दाराशी वाळत घातलेली बुरसलेली ज्वारी पाहिली.

"आगं सूनबाई, पाणी हिकडं येतंय हे मला कुनी सांगितलंच न्हाई!"

शीलाने कुंडलिककडे पाहिलंसुद्धा नाही. (हे तिचे उपकार.)

तिने बादलीभर पाण्यात चुलीतली राख कालवली आणि उसाच्या बांधाशी ओतली. राखेची रेघ भिंतीच्या बाहेरून ओढ्याकडे निघाली. "मामा, पाण्याला हिकडंच जायचंय. आपण नुसती वाट करून देऊ." त्या रेघेवर गेणभाऊंनी स्वतः चर खणला, शीलाने काठाने अळू लावला. गेणभाऊंनी ऑटोही काढून टाकला.

पुढच्या पाळीला पाणी चरातून खळखळत ओढ्याला गेलं. परस कोरडं. कुंडलिक बघतच राहिला. सिमेंटने जे जमलं नाही, ते हिने कपभर चहा आणि ओंजळभर राखेत केलं! त्याला बायकोचा असा अभिमान वाटला, की भेटेल त्याला तो चर दाखवायला आणू लागला.

आठवड्याने पलीकडच्या आळीतला जानकू आला. त्याच्याही घरामागे पाणी साचत होतं.

"वहिनी हायेत का?"

"तिला कशाला त्रास?" कुंडलिक खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "मला विचार की. बांधकामाचा अनुभव आहे आपल्याला."

"व्हय, भाऊ," जानकू अदबीने म्हणाला. "तुमचं बांधकाम बघूनच वहिनींकडं आलोय."