साडेपाच लिटरचा डोस

रविवारी दुपारी औषधांच्या दुकानदाराने आपल्या लाल स्पोर्ट्स कारखाली चटई अंथरली आणि आत सरकण्याआधी चपला काढून ठेवल्या. गाडी सेकंडहँड होती, पण तिच्या पोटाखाली शिरलं की त्याची वाचाच बसायची. माणसाच्या डोक्यातून असं काही निघू शकतं याचं त्याला खरोखर नवल वाटे.

पाच वाजता सासऱ्यांना गाडीतून फिरवून आणायचं होतं. सासरे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. लग्नाला बारा वर्षं झाली, पण जावयाबद्दल त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नव्हता. "गोळ्या मोजायला काय अक्कल लागते?" असं मात्र दोनदा निघालं होतं. आज तो शब्द मिळवायचाच, असं ठरवून जावयाने इंजिनाचं तेल बदलायला घेतलं.

नट सैल केला. टबात तेल पडू लागलं, मधासारखं सोनेरी.

"अगं, बाहेर ये लवकर! दोन वर्षं वापरलेलं तेल, आणि रंग बघ!"

"अहो, मग बदलताय कशाला?" बायकोने विचारलं.

"एक्सपायरी झाली की टाकायचं."

नट घट्ट बसवून तो वरून नवं तेल ओतू लागला. पुस्तिकेत साडेपाच लिटर लिहिलं होतं. तीन लिटर झाल्यावर मोजपट्टी काढून पाहिली, तर तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर! तो जरा घुटमळला. पण लिहून दिलेला डोस त्याने जन्मात कधी कमी केला नव्हता. राहिलेलं अडीच लिटरही त्याने थेंब न सांडता आत घातलं.

पाचला पाच कमी असताना सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टबाशी वाकले, तेलात बोट बुडवून हुंगलं.

"गाडी चालू केलीत?"

"नाही, आता करतोच."

"किल्लीला हात लावू नका! जावईबापू, हे गिअरबॉक्सचं तेल आहे."

जावयाचं तोंड उतरलं. "मग इंजिनाचं?"

"ते आहे तिथंच आहे. त्यावर तुम्ही किती ओतलंत?"

"साडेपाच," जावई पुटपुटला.

"म्हणजे एकाला अजीर्ण आणि दुसरा उपाशी!" म्हणत बायको हसू दाबत स्कूटरवरून गिअरचं आणि इंजिनाचं तेल आणायला गेली.

सासऱ्यांनी शर्ट काढून झाडाला अडकवला आणि चटईवर आडवे झाले. "बाबा, राहू द्या, मी करतो," असं जावई म्हणेपर्यंत ते आत दिसेनासेही झाले. जावयाने वाकून पाहिलं. सासरे उताणे पडून तोंड उघडं टाकून वर बघत होते.

"केवढं देखणं आहे हो हे!" ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं बस चालवली, पण वर्कशॉपवाल्यांनी कधी खाली डोकावू दिलं नाही. म्हणे, ड्रायव्हरने स्टिअरिंग सांभाळावं."

इंजिनातलं सगळं तेल काढून, दोन्हीकडे नवं भरून ते बाहेर आले तेव्हा सात वाजले होते. हात कोपरापर्यंत काळे, बनियनची तर ओळखही पटत नव्हती.

"बाबा, चुकलं माझं," जावई खाली मान घालून म्हणाला. "तुमचं फिरणंही राहिलं."

"फिरून फिरून कंटाळलोय मी." सासऱ्यांनी हात पुसत गाडीकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या रविवारी काय बिघडवताय?"