होला, ढाल, झाडू आणि घोडा

मार्सुदी गुरुजी कॉम्प्युटरचं बटण दाबायचे, तेव्हा त्यांच्या पत्नी बू तिनाह गॅसवर भात चढवायच्या. पडद्यावर चित्रं उमटेपर्यंत भात शिजून, मुरून, वाढायला तयार झालेला असे.

"तुमच्या यंत्रापेक्षा माझं पातेलं हुशार," त्या म्हणायच्या.

"वय झालं गं त्याचं, बू," गुरुजी सांभाळून घ्यायचे. "माझ्यासारखंच."

सोलो शहरातल्या त्या गल्लीत आईला आणि कुठल्याही थोरल्या बाईला 'बू' म्हणत, पुरुषाला 'पाक'; आणि तेव्हा तिथे मोजक्याच घरांत कॉम्प्युटर होते. लोक त्यांना झालरीच्या बातिक कापडाने नव्या नवरीसारखं झाकून ठेवत. गुरुजींच्या कॉम्प्युटरचा तर थाटच वेगळा होता. दर तासाला त्यातून होला घुमायचा. हा साधासुधा होला नव्हे, गुरुजींचा लाडका पक्षी सुंतारा. अंगणातल्या उंच काठीवर त्याचा पिंजरा चढवला की चालती सायकल थांबवून लोक ऐकत उभे राहायचे. सुंतारा म्हातारपणाने गेला. पण गुरुजींनी त्याचा आवाज टिपून ठेवला होता, आणि एका जुन्या विद्यार्थ्याने त्या आवाजाचं कॉम्प्युटरवर चालणारं घड्याळ करून दिलं होतं. गुरुजींनी हौसेने त्याच्या सीडी काढून गल्लीभर वाटल्या. तास भरला की भिंतीपलीकडून, समोरून, कोपऱ्यावरून सुंतारा घुमायचा, आणि हातातला चहाचा पेला तसाच धरून गुरुजी डोळे मिटून ऐकत बसायचे.

तर हा कॉम्प्युटर मंदावला. गुरुजींनी कुणाकडे मदत मागितली नाही. मागायची तिथे रीतच नाही. शेजारचे पाक विग्न्यो चहाला आले तेव्हा ते फक्त म्हणाले, "हल्ली जरा दमतो बिचारा." एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी पाक विग्न्यो सीडी घेऊन हजर.

"पाक गुरू, हा घोडा टाका. आमचे मेव्हणे शपथेवर सांगतात, कॉम्प्युटर चौखूर उधळतो."

पडद्यावर एक उधळता घोडा येऊन बसला. दोन दिवस बरे गेले, मग घोड्याने बसकण मारली. ही बातमी गल्लीचे प्रमुख पाक आर्टी गुनादी यांच्या कानावर गेली. ते झाडू घेऊन आले, म्हणजे झाडूचं चित्र असलेली सीडी. "आत कचरा साठलाय, पाक गुरू. हा कोपरा न् कोपरा झाडतो." झाडू रात्रंदिवस झाडू लागला आणि कॉम्प्युटरला दुसरं काही करायला सवड उरेना. शेवटी गुरुजींच्या थोरल्या बहीण रुमांती, सगळ्यांच्या 'म्बाक्यू' म्हणजे ताई, सायकलरिक्षातून उतरल्या. त्यांच्या पिशवीत ढाल होती. "चोर शिरलेत आत, चोर! माझ्या ढालीपुढे एक टिकायचा नाही. काय रे मार्सुदी, बहिणीला आधी सांगायला जीभ झडली होती का?"

आता भात सोडाच, डाळ भिजत घालून तिचे वडे तळून झाले तरी पडदा काळाच.

"जे चालत नाही ते काढून टाका ना," बू तिनाह म्हणाल्या.

गुरुजी दचकले. "आणि विग्न्यो चहाला आला की? पहिली नजर पडद्यावर जाते त्याची. घोडा दिसला नाही तर काय वाटेल त्याला? आर्टीही तसेच. आणि म्बाक्यू..."

बू तिनाहना ते पटलं. त्यांच्याच कपाटात एक हिरवी फुलदाणी होती, प्लास्टिकच्या गुलाबांसकट. म्बाक्यूंची भेट. रिक्षाची घंटा ऐकू आली की ती टेबलावर यायची आणि म्बाक्यूंची पाठ वळली की पुन्हा कपाटात जायची.

पण या वेळी प्रश्न फुलदाणीचा नव्हता. मुलगी, तिचं नाव रात्री, दूर समुद्रापलीकडे कालिमंतान बेटावर, बालिकपापानमध्ये राहायची. येत्या रविवारी तिच्या लेकीचं पाऊल पहिल्यांदा जमिनीला टेकवायचं होतं. बाळाला बांबूच्या खुराड्यात बसवायचं, पुढ्यात पेन, पुस्तक, आरसा, सोन्याची अंगठी मांडायची, आणि ते कशाला हात घालतं यावरून त्याचं पुढचं आयुष्य ओळखायचं. गुरुजींच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून दोघांनी तो सोहळा कॉम्प्युटरवर बघायचा असं ठरलेलं. बू तिनाहनी नातीच्या पुढ्यात मांडायला आपली जुनी लाकडी पळीही पाठवली होती. नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. रविवारी चित्र अडकलं, तर तो क्षण काही परत येणार नव्हता.

आणि गुरुजींनी गल्लीभर आमंत्रण देऊन ठेवलं होतं! घोडा, झाडू आणि ढाल, तिघांचेही मालक येणार होते.

शनिवारी गुरुजी पक्ष्यांच्या बाजारात गप्पा मारायला गेले. बू तिनाहनी पदर खोचला असता, पण त्यांच्या अंगात बिनपदराचा, लांब बाह्यांचा केबाया होता. म्हणून त्यांनी बाह्या सारल्या आणि कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. आजवर त्यांनी त्याची फक्त धूळ पुसली होती. आज त्या पडद्यावर येणारी प्रत्येक पाटी शांतपणे वाचू लागल्या. ढाल म्हणत होती, 'घुसखोर सापडला: घोडा.' झाडू म्हणत होता, 'कचरा सापडला: ढाल.' आणि या दोघांना ओलांडून जायला घोडा धापा टाकत होता.

बू तिनाह खुदकन हसल्या. लग्नघरात तीन थोरल्या जावा एकाच चुलीशी उभ्या राहिल्या की हेच व्हायचं. प्रत्येक जाऊ दुसरीच्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगत बसे आणि वऱ्हाड उपाशी राही.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"सगळं काढून टाक, बू!" रात्री म्हणाली. "मी सांगते तसं कर."

"काढीन गं. पण उद्या तुझी आत्या त्या पडद्यासमोर बसणार आहे. तिला तिची ढाल दिसली पाहिजे." त्यांनी कपाटाकडे बघितलं. "मला सांग, वस्तू कपाटात आणि तिचं नुसतं चित्र टेबलावर, असं नाही का करता येत?"

पलीकडे हसण्याचा धबधबा. "येतं की! आहे त्या पडद्याचाच फोटो काढायचा आणि तोच मागे चिकटवायचा. बू, तू खरं तर परराष्ट्र खात्यात असायला हवी होतीस."

"खात्याबित्याचं राहू दे. कुठलं बटण ते सांग."

फोन कानाला, बोट बटणावर, असं करत बू तिनाहनी एकेकाची पाठवणी केली. पडद्यावर उरली ती नुसती चित्रं, भिंतीवर टांगलेल्या तसबिरींसारखी.

"आता तो होलासुद्धा काढ," रात्री म्हणाली.

"होल्याला हात लावायचा नाही," बू तिनाह म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी खोली गच्च भरली. केळ्याची भजी, गोड चहा आणि टेबलावर प्लास्टिकचे गुलाब. गुरुजींनी बटण दाबलं आणि बू तिनाह स्वयंपाकघराकडे वळायच्या आत पडदा उजळला.

"बघा!" पाक विग्न्योंनी मांडीवर थाप मारली. "घोडा!"

"घोडा कसला? वाट आधी झाडून कोणी ठेवली?" पाक आर्टी म्हणाले.

"आणि चोर कोणी पळवले?" म्बाक्यू कडाडल्या. "सरक रे मार्सुदी, मला माझी ढाल बघू दे." त्यांनी माऊस हातात घेतला आणि ढालीवर टिचकी मारली. काहीच झालं नाही. पुन्हा मारली. "अगं तिनाह, ही उघडत का नाही?"

बू तिनाहनी बश्या खाली ठेवल्या. "म्बाक्यू, घरंदाज पहारेकरी आहे तो. काम करतो, बोलत नाही. सारखी उठबस करतो तो कसला पहारेकरी?"

म्बाक्यूंनी मान डोलावली. "खरं आहे. मी दिलेली वस्तू आहे म्हटल्यावर..."

तेवढ्यात मुलीचा कॉल आला. चित्र असं स्वच्छ, की बाळाच्या गालावरची तीटसुद्धा दिसावी. बाळाची पावलं सात रंगांच्या चिकट भातावरून गेली. मग त्याला खुराड्यात बसवलं. बाळाने पुस्तक बघितलं, अंगठी बघितली, हात पुढे केला...

आणि दहा वाजले. सुंतारा घुमू लागला. बाळाचा हात हवेत होता तसाच थिजला.

"अडकलं!" एकच गलका झाला. तिन्ही मालक माऊसवर तुटून पडले. पाक विग्न्यो घोड्याचं चित्र शोधत होते, पाक आर्टी झाडूचं, आणि म्बाक्यू दोघांच्या हातांवर चापट्या मारत होत्या. बू तिनाहना काही ऐकू येत नव्हतं. त्यांची नजर त्या हवेतल्या चिमुकल्या मुठीवर खिळली होती. एकटे गुरुजी डोळे मिटून होला ऐकत होते.

सुंताराचं घुमणं संपलं आणि चित्र हललं. बाळाचा हात अजून घुटमळतच होता. अंगठीवरून पुस्तकावर, पुस्तकावरून आरशावर, आणि मग त्याने आजीची पळी घट्ट पकडली. बू तिनाहनी डोळ्यांना केबायाची बाही लावली.

"ढालीनेच सोडवलं!" म्बाक्यू म्हणाल्या.

"झाडूने."

"घोड्याने हो, घोड्याने!"

"तिघांनीही," बू तिनाह म्हणाल्या, आणि प्रत्येकाच्या बशीत एकेक भजं जास्त वाढलं.

पाहुणे पांगले, पण पाक विग्न्योंच्या पत्नी बू विग्न्यो पेले विसळायच्या निमित्ताने मागे राहिल्या. पेले स्वच्छ झाले तरी त्या विसळतच होत्या.

"बू गुरू, रागावणार नसाल तर विचारते. तुमचा कॉम्प्युटर एकदम तरणाताठा कसा झाला? आमचा म्हणजे अगदी शेवटच्या घटका मोजतोय. समोरच्यांचाही तसाच. आर्टींचाही."

"कधीपासून?"

बू विग्न्यो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. "तसं म्हणजे... होला आल्यापासून. पण काढणार कसा हो? पाक गुरू तास भरला की अंगणात येऊन कान देऊन उभे राहतात. आम्ही सगळे खिडकीतून बघतो ना त्यांना."

बू तिनाहनी फडकं खाली ठेवलं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि फोटोची युक्ती सावकाश, प्रत्येक बटणासकट समजावून सांगितली.

"पण बू, चित्र काही घुमत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"ते माझ्याकडे लागलं," बू विग्न्यो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गुरुजी अंगणात चहा घेत होते. भिंतीपलीकडे होला घुमला. गुरुजींनी डोळे मिटले. होला पुन्हा घुमला. मग आणखी एकदा. गुरुजींनी डोळे उघडून घड्याळ बघितलं. सव्वानऊ.

"ऐकलंस, बू? हुबेहूब आपला सुंतारा. पण ही वेळ कुठली?" ते काळजीत पडले. "विग्न्योचा कॉम्प्युटर बिघडला वाटतं. बिचारा, भिडेने बोलला नसेल. थांब, परवाच बाजारात एकाने मला नवी सीडी दिलीय, ती टाकून येतो."

बू तिनाहनी केळीच्या पानात चार भजी बांधून दिली. रिकाम्या हाताने कसं जायचं?

गुरुजी सीडी आणि पुडी घेऊन भिंतीला वळसा घालून गेले. पलीकडून आधी धावपळ ऐकू आली, मग पिंजऱ्यावर घाईघाईने कापड टाकल्याचा आवाज, आणि मग पाक विग्न्योंचा.

"या, या पाक गुरू! आत्ता तुमचीच आठवण काढत होतो."